‘शी-हल्क’ आणि तालुका वाचनालयाचे भित्तिपत्रक: एका प्रेक्षकगटाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका तालुक्याच्या गावी शासनमान्य ‘ब’ वर्गाचे एक सार्वजनिक वाचनालय आहे. निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तेथे नियमित येतात. सोळा ते पंचवीस वयाची इतर मुले-मुली मात्र दहावीनंतर फारशी फिरकत नसत. करोनाच्या टाळेबंदीनंतर वाचनालय पूर्ववत सुरू झाले, तेव्हा कार्यकारिणीने या वयोगटासाठी रविवारचा चर्चागट सुरू केला. ही मुले एरवी जे पाहतात त्यावरच त्यांना बोलू द्यावे, हा त्यामागचा विचार होता. ग्रंथपाल मॅडमनी त्याला जोड म्हणून प्रवेशदाराजवळच्या फळ्यावर भित्तिपत्रक सुरू केले. ज्याला जे वाटले ते त्याने चिठ्ठीवर लिहावे आणि टाचणीने लावावे, नाव घालण्याची सक्ती नाही, असा साधा नियम होता.

गाव, संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील येथे गाळले आहेत. मी त्या काळातील बहुतेक बैठकांना निरीक्षक म्हणून उपस्थित होतो आणि फळ्यावरच्या चिठ्ठ्या वाचनालयाच्या परवानगीने पाहिल्या आहेत.

चर्चेसाठी निवडलेली मालिका

‘शी-हल्क: अ‍ॅटर्नी अ‍ॅट लॉ’ ही मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स व चित्रपट कंपनीची नऊ भागांची विनोदी मालिका १८ ऑगस्ट ते १३ ऑक्टोबर २०२२ या काळात दर गुरुवारी एक भाग याप्रमाणे आली. मुख्य लेखिका जेसिका गाओ आणि मुख्य भूमिकेत तातियाना मास्लानी. जेनिफर वॉल्टर्स ही लॉस एंजेलिसमधील वकील. गाडीच्या अपघातात मामेभाऊ ब्रूस बॅनरचे, म्हणजे ‘हल्क’चे, रक्त तिच्या रक्तात मिसळते आणि तीही हिरवी, अवाढव्य होऊ लागते. पण मालिकेला जगाचा विनाश रोखण्यात फार रस नाही. जेनिफरची नोकरी जाते, नव्या कचेरीत तिला हिरव्या रूपातच खटले लढवावे लागतात, जोडीदार शोधताना तिचे दोन्ही रूपांत वेगवेगळे हाल होतात, आणि अधूनमधून ती कॅमेऱ्याकडे वळून थेट आपल्याशी बोलते. ही लकब मालिकेने नव्याने काढलेली नाही. १९८० साली कॉमिक्समध्ये आलेले हे पात्र १९८९ पासूनच्या जॉन बर्न यांच्या अंकांत वाचकांशी आणि खुद्द लेखकाशी हुज्जत घालत असे.

मे २०२२ मध्ये पहिली झलक आली तेव्हाच संगणकावर घडवलेल्या हिरव्या देहाची जगभर थट्टा झाली होती. गटातील काही मुलांनी तेव्हापासूनच मालिका टाकाऊ ठरवली होती. काही मुलींना मात्र ‘वकील असलेली सुपरहिरो’ एवढ्यावरूनच तिची उत्सुकता होती. त्यांतली एक कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती.

अडचण कशी उभी राहिली

पहिला निर्णय मालिका पाहायची कशी याचा होता. वाचनालयाच्या सभागृहात पडद्यावर सर्वांना दाखवावी, अशी मुलांची मागणी होती. ऑनलाइन सेवेची घरगुती वर्गणी खाजगी पाहण्यापुरती असते आणि हक्कधारकाच्या परवानगीशिवाय असे सार्वजनिक प्रदर्शन करणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही, म्हणून कार्यकारिणीने नकार दिला. एकाने पेन ड्राइव्हवर भाग आणून देण्याची तयारी दाखवली, तीही नाकारली गेली. ज्याने त्याने आपापल्या फोनवर पाहावे, खाडीपलीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात रेंज जाते त्या मुलांनी वाचनालयाचे वाय-फाय वापरून आपल्या खात्यावर भाग उतरवून घ्यावा आणि रविवारी बोलावे, असे ठरले.

निर्णय योग्य होता, पण त्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नाही. भाग आपल्याकडे गुरुवारी दुपारी साडेबाराला येई, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे सारांश सांगणारे व टिंगल करणारे हिंदी व्हिडिओ फोनवर फिरू लागत. ज्यांच्याकडे वर्गणी नव्हती किंवा डेटा संपलेला होता, ती मुले दहा मिनिटांचा असा व्हिडिओ पाहून रविवारी येत आणि सर्वांत ठामपणे बोलत. पहिल्या दोन बैठकांत मालिकेतल्या प्रसंगांपेक्षा परदेशी संकेतस्थळांवरच्या प्रेक्षक-गुणांचीच चर्चा अधिक झाली. पहिल्या भागात जेनिफर ब्रूसला सांगते की राग आवरण्यात आपण त्याच्यापेक्षा तरबेज आहोत, कारण रस्त्यावरची शेरेबाजी आणि आपल्याच विषयात आपल्याला शिकवणारे पुरुष हे बाईला रोज सोसावे लागते. या एका प्रसंगावर मुलगे चिडले होते, मुली मनापासून हसल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंना समोरच्याचे म्हणणे ऐकण्याची इच्छा नव्हती.

तिसरा भाग १ सप्टेंबरला, म्हणजे ऋषिपंचमीला आला. त्याची बैठक ४ तारखेच्या रविवारी ठेवली गेली. त्या दिवशी गौरीपूजन होते. घराघरांत ओवशाची गडबड असल्याने एकही मुलगी येऊ शकली नाही. उलट गणपतीसाठी मुंबईहून आलेले चाकरमान्यांचे तरुण मुलगे गावातल्या मित्रांबरोबर हौसेने येऊन बसले. तिसऱ्या भागाच्या अखेरीस जेनिफर आपल्या अशिलाबरोबर, मेगन दी स्टॅलियन या गायिकेबरोबर, कचेरीत नाचते. त्या काही सेकंदांवर जगभर गदारोळ चालू होता आणि या बैठकीतही दुसरा विषय निघाला नाही. सभा संपताना फळा चिठ्ठ्यांनी भरला. बहुतेक चिठ्ठ्या मालिकेला नावे ठेवणाऱ्या होत्या. एका चिठ्ठीत मात्र, गटातल्या मुलींनी सुपरहिरो पाहण्यापेक्षा घरी बसून मोदक वळायला शिकावे, असे लिहून पुढे अंगावर शेरा मारला होता. नाव कोणाचेच नव्हते, पण रोख कोणाकडे होता हे सर्वांना कळत होते.

विलक्षण गोष्ट अशी की त्याच भागात मालिकेने स्वतः असा प्रसंग दाखवला आहे. शी-हल्क प्रसिद्ध झाल्यावर लोक तिच्याविषयी काय काय बोलतात, याची एक झलक त्यात येते, आणि पुरुष नायकांच्या जागी बायका कशाला, हाच सूर तिथे उमटतो. प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी लिहिलेला तो प्रसंग वाचनालयाच्या फळ्यावर जवळजवळ शब्दशः उतरला होता, आणि चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो भाग पाहिलेलाच नव्हता.

विसर्जनानंतर मुली वाचनालयात आल्या आणि त्यांनी फळा वाचला. दोघी त्यानंतर गटात आल्या नाहीत. एका मुलीच्या वडिलांनी कार्यकारिणीकडे लेखी तक्रार दिली.

समोरचे पर्याय

कार्यकारिणीच्या बैठकीत चार मार्ग मांडले गेले आणि प्रत्येकामागे विचार होता.

निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे, फळा उतरवावा आणि चर्चा दिवाळीपर्यंत थांबवावी. ते मालिकेच्या विरोधात नव्हते. पालकांनी मुलींना वाचनालयात पाठवणेच बंद केले तर अभ्यासिकेत येणाऱ्या मुलींचेही नुकसान होईल, ही त्यांची काळजी होती आणि ती खरी होती. दुसऱ्या एका सदस्यबाईंनी मुलामुलींच्या बैठका वेगवेगळ्या घ्याव्यात असे सुचवले. गटात राहिलेल्या मुलींना विचारले असता त्यांनी हा मार्ग साफ नाकारला. फळ्यावर लिहिले दुसऱ्याने आणि उठून वेगळ्या खोलीत आम्ही जायचे का, असा त्यांचा प्रश्न होता.

तिसरा मार्ग चिठ्ठीवर नाव सक्तीचे करण्याचा. वरवर पाहता हा सर्वांत सोपा आणि न्याय्य वाटतो, आणि बैठकीत बहुमत त्याच्याच बाजूने झुकले होते. कायद्याच्या विद्यार्थिनीने त्यातली अडचण दाखवली. नाव घातल्याने शेरेबाजी करणारे गप्प बसतील हे खरे, पण मुलीही गप्प बसतील. डेटिंगच्या प्रसंगावर, नकोशा स्थळावर, रस्त्यातल्या शेरेबाजीवर एखाद्या मुलीने काही लिहिले तर लहान गावात ते नावासकट तिच्या घरापर्यंत जाते. निनावी राहण्याची गरज शेरे मारणाऱ्यापेक्षा तिला अधिक होती. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाचे वळण हेच, कारण येथे निनावीपणा आणि बेजबाबदारपणा या दोन गोष्टी प्रथमच वेगळ्या करून पाहिल्या गेल्या.

त्यातून चौथा मार्ग निघाला. चिठ्ठीच्या मागे सभासद क्रमांक लिहायचा, तो फक्त ग्रंथपाल मॅडम पाहतील. आणि चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला आधी त्या भागातला एक नेमका प्रसंग, मग त्यावरचे मत. ज्याला प्रसंग सांगता येत नाही त्याची चिठ्ठी लागणार नाही. मत कितीही कडू असले तरी चालेल, पण ते मालिकेविषयी हवे, गटातल्या माणसांविषयी नको.

काय केले गेले

त्या एका चिठ्ठीचे काय करायचे, हाही प्रश्न होताच. ती तशीच ठेवावी म्हणजे लाज वाटेल, असे एक मत. सगळ्याच चिठ्ठ्या काढून फळा कोरा करावा, असे दुसरे. ग्रंथपाल मॅडमनी फक्त तीच चिठ्ठी काढली, फाइलला लावली आणि तिच्या जागी एक कागद लावला: येथील चिठ्ठी सभासदांचा अवमान करणारी असल्याने काढली आहे, मालिकेवर टीका करणाऱ्या बाकी चिठ्ठ्या कायम आहेत. लिहिणाऱ्याचा शोध घेतला गेला नाही. हस्ताक्षर जुळवून पाहण्याची सूचना आली होती, ती मॅडमनी नाकारली. टीकेला जागा ठेवून अवमानाला हद्दपार केल्यामुळे, आपले तोंड बंद केले अशी तक्रार करायला मुलग्यांना कारण उरले नाही.

नियम लागू झाल्यावर चिठ्ठ्या एकदम कमी झाल्या. चौथ्या भागावर मोजक्याच आल्या, पण त्या वाचण्याजोग्या होत्या. गॅरेज चालवणारा एक तरुण पहिल्यापासून मालिकेचा कडवा विरोधक होता. ‘माका काय पटूक नाय’ यापलीकडे तो एरवी काही बोलत नसे. त्याने लिहिले की पहिल्या भागाच्या शेवटी टायटॅनिया ही खलनायिका न्यायालयाची भिंत फोडून येते आणि मग कित्येक भाग ती कथेतून जवळपास नाहीशी होते. धागा सोडायचाच होता तर उचलला कशाला? हे निरीक्षण अचूक होते. त्याची खरी तक्रार कथेच्या ढिसाळ विणीविषयी होती, आणि ती तोपर्यंत बायकांवरच्या शेऱ्यांच्या गलबल्यात बुडून गेली होती. मुलींपैकीही दोघींना हीच गोष्ट खटकत होती, पण आपण तसे म्हटले तर शेरे मारणाऱ्यांच्या बाजूला धरले जाऊ, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

पाचव्या भागाच्या बैठकीत चर्चेला अनपेक्षित दिशा मिळाली. त्या भागात टायटॅनिया ‘शी-हल्क’ या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून सौंदर्यप्रसाधने विकू लागते आणि ते नाव आपण आधीपासून वापरत होतो, हे जेनिफरला न्यायालयात सिद्ध करावे लागते. आंबा बागायतदाराच्या एका मुलाने लगेच हापूसचा विषय काढला. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी दुसरीकडचा आंबा त्याच नावाने बाजारात विकला जातो, याचा राग त्या घरांत रोजचा आहे. व्यापारचिन्ह एका मालकाचे असते आणि भौगोलिक मानांकन एका प्रदेशातील सर्व उत्पादकांचे, हा फरक कायद्याच्या विद्यार्थिनीने समजावून सांगितला. त्या दिवशी मालिकेवर फारच थोडे बोलणे झाले, पण तो भाग पोरकट म्हणणाऱ्यांनी तो शब्द पुन्हा वापरला नाही.

पुढच्या बैठकीला मॅडमनी दशावतारात अनेक वर्षे संकासुराचे काम केलेल्या एका सभासद आबांना बोलावले. दशावताराचा हंगाम कार्तिकात सुरू होतो, त्यामुळे आबा मोकळे होते. नातवाने त्यांना दोन भाग फोनवर दाखवले होते. पात्राने मध्येच प्रेक्षकांकडे वळून बोलणे हे मुलांना फार परके वाटत होते. मॅडमना अपेक्षा होती की आबा या लकबीची बाजू घेतील. आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, काळ्या वेशातला संकासुर मालवणीत समोरच्या लोकांची खेचतो, गावातल्या ताज्या घटना बोलण्यात ओवतो, आणि कोणालाही त्यात खटकण्याजोगे काही वाटत नाही.

आबांनी ती बाजू घेतली, पण पुढे जे म्हणाले त्याने दोन्ही गटांना हवे ते मिळाले. लिहिलेली संहिता नसताना पात्र लोकांशी बोलते तेव्हा त्याला समोर कोण बसले आहे हे कळलेले असावे लागते. आणि संकासुराने कितीही हसवले तरी पुढे आख्यान, म्हणजे मुख्य कथा, उभे राहिलेच पाहिजे, नाहीतर पहाटेपर्यंत माणसे बसत नाहीत. मालिका आवडणाऱ्यांना त्यात आपल्या नायिकेची परंपरा सापडली आणि न आवडणाऱ्यांना आपल्या तक्रारीचे नाव सापडले: आख्यान उभे राहिले नाही. या बैठकीनंतर ‘आख्यान’ हा निकष गटात सगळेच वापरू लागले.

आठवा आणि नववा भाग

आठवा भाग ६ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. डेअरडेव्हिल हा मार्व्हलचा जुना नायक परतल्यामुळे तो सर्वांत लोकप्रिय ठरला, विरोधकांतही. पण त्याच्या शेवटी पुरस्कार समारंभात जेनिफरचे खाजगी क्षणांचे चोरून केलेले चित्रण पडद्यावर झळकते आणि ती संतापून पडदा फोडते. गटात सोळा-सतरा वर्षांची मुलेही होती. हा प्रसंग चर्चेत घ्यायचा की नाही, यावर मॅडम आणि मुख्याध्यापक यांच्यात बराच वेळ बोलणे झाले. अखेर पालकांना आधी कळवून, प्रसंगातल्या नात्यावर न बोलता चित्रण चोरण्याच्या कृत्यावर बोलायचे, असे ठरले.

कायद्याच्या विद्यार्थिनीने भारतीय दंड संहितेचे तेव्हाचे कलम ३५४ क आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई यांची माहिती दिली. चित्रणाला संमती होती पण ते इतरांना दाखवण्याला नव्हती, तरीही तो ३५४ क खाली गुन्हा ठरतो, हे ऐकून मुलगे आणि मुली दोघेही चकित झाले. (आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे.) त्या आठवड्यात एका चिठ्ठीत एका मुलीने लिहिले की लोक जेनिफरच्या संतापाला घाबरून पळताना दाखवले, पण चित्रण लावणाऱ्याला कोणी धरायला धावताना दाखवले नाही. सगळ्या चिठ्ठ्यांत मला ही चिठ्ठी सर्वांत खोल वाटली.

नवव्या, शेवटच्या भागात नायिका शेवटची मारामारीच नाकारते. ती मालिकेच्या चौकटीतून बाहेर पडते, लेखकांच्या खोलीत शिरते आणि या सगळ्या कथा चालवणाऱ्या के.ई.व्ही.आय.एन. नावाच्या यंत्रापुढे उभी राहून आपला शेवट बदलून घेते. गॅरेजवाल्या तरुणाला हा भाग सर्वांत नावडला. त्याचे कारण नेमके होते: नऊ भाग वाट पाहायला लावून आख्यानाचा शेवट लेखकाकडे अर्ज करून बदलायचा, म्हणजे नायिकेने स्वतः काही जिंकलेच नाही. विद्यार्थिनीचे म्हणणे उलट होते. तो अर्ज नव्हता, युक्तिवाद होता; वकील असलेल्या नायिकेने मुठीऐवजी युक्तिवादाने जिंकावे हेच तिच्या पात्राला शोभते. मात्र ज्यांनी तिचे चित्रण चोरले त्यांच्याविरुद्धचा खटला पडद्यावर दिसायला हवा होता, हे तिने मान्य केले. दोघांचे एकमत झाले नाही.

निष्पत्ती

शेवटच्या बैठकीला मुलामुलींची संख्या जवळपास सारखी होती. ज्यांना फक्त टिंगल करायची होती ती मुले नियम आल्यावर हळूहळू गळाली, आणि त्यांतली दोन-तीन चांगल्या बुद्धीची होती, हे नोंदवले पाहिजे. मुख्याध्यापकांनी सुरुवातीला विरोध केला होता, तरी अखेरच्या दोन बैठकांना ते स्वतः येऊन बसले. कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्यावर गटाने दशावताराच्या प्रयोगांवरही याच नियमाने चिठ्ठ्या लिहिल्या, आणि तेथे टीका करणे मालिकेवर टीका करण्यापेक्षा कितीतरी अवघड असल्याचे मुलांनी अनुभवले, कारण कलाकार ओळखीचे होते. पहिल्या फळ्यावरची ती चिठ्ठी कोणी लिहिली हे अखेरपर्यंत कळले नाही.

वेगळे काय करता आले असते

गौरीपूजनाच्या दिवशी बैठक ठेवणे टाळता आले असते. कोकणात भाद्रपदातले ते पाच दिवस कोण मोकळे असते आणि कोण नसते, हे सर्वांना माहीत असते. तरीही रविवार म्हणून रविवार पाळला गेला. त्या दिवशी मुली समोर बसलेल्या असत्या तर फळ्यावर तसे लिहिले गेले नसते, असे मला निश्चित वाटते.

सारांश-व्हिडिओंचा बंदोबस्तही उशिरा झाला. प्रसंग लिहिण्याचा नियम पहिल्याच आठवड्यापासून असता, तर भाग न पाहता आलेल्यांना पहिल्या दोन बैठका हाती घेता आल्या नसत्या. ज्यांना वर्गणी परवडत नव्हती त्यांच्यासाठी एखादा असा विषय निवडणे, जो सर्वांना विनामूल्य पाहता येईल, हाही विचार आधी व्हायला हवा होता. मते कोणाची मोठ्याने ऐकू येतात हे शेवटी फोनमध्ये डेटा कोणाच्या उरला आहे यावरही अवलंबून होते.

गटातून गेलेल्या त्या दोन मुलींच्या बाबतीत झाले त्यापेक्षा बरेच अधिक करता आले असते. नवा नियम आणि चिठ्ठी काढल्याची सूचना फळ्यावर लावली गेली, पण ज्यांनी वाचनालयात येणेच थांबवले होते त्यांच्या दृष्टीला ती कधी पडली नाही. दोघींची घरे वाचनालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. मॅडमनी किंवा कार्यकारिणीतल्या सदस्यबाईंनी त्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन, आईवडिलांसमोर, काय झाले आणि काय ठरले हे सांगायला हवे होते. पुढच्या वर्षी त्यांतली एक अभ्यासिकेत पुन्हा येऊ लागली; चर्चागटात ती आलेली नाही.